तटबंदीतलं शहाणं शहर

उन्हाळ्याच्या सुटीतले तीन दिवस हाताशी असतील, तर क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं दुब्रोवनिक गाठा. जुनं शहर अख्खं तटबंदीच्या आत मावतं. पूर्वी त्याचं नाव रागुसा. शेजारी व्हेनिस आणि ऑटोमन साम्राज्यासारखे दांडगे, तरी हे चिमुकलं प्रजासत्ताक १८०८ पर्यंत तगलं. तट भक्कम होताच, पण खरी राखण केली ती डोक्याने. त्या हुशारीच्या खुणा आजही जागोजागी दिसतात.

तटावरून एक फेरी
तटाची लांबी १,९४० मीटर, उंची काही ठिकाणी २५ मीटरपर्यंत. सिंधुदुर्गाच्या फांजीवरून समुद्र पाहिलेल्यांना इथे लगेच घरच्यासारखं वाटेल. एका हाताला निळंशार पाणी, दुसऱ्या हाताला कौलं, अंगणं आणि दोरीवर वाळणारे कपडे. वर सावली फारशी नाही, म्हणून सकाळी दार उघडताच चढा.

जाड छाती, पातळ पाठ
तटाबाहेर खडकावर लोवरियेनाक किल्ला आहे. त्याच्या बाहेरच्या भिंती १२ मीटरपर्यंत जाड, पण शहराकडची भिंत जेमतेम ६० सेंटिमीटर! किल्लेदार उद्या फितूर झालाच, तर शहराच्या तोफांना ती सहज फोडता यावी, हा हिशेब. दारावर लॅटिनमध्ये कोरलंय की, जगातलं सगळं सोनं दिलं तरी स्वातंत्र्य विकू नये.

महिनाभराचा कारभारी
प्रजासत्ताकाच्या प्रमुखाला ‘क्नेझ’ म्हणत. मुदत फक्त एक महिना! तेवढ्या काळात मुक्काम प्रासादात, आणि सरकारी कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. रात्री वेशीच्या किल्ल्या त्याच्याच ताब्यात. प्रासादात एका दारावर ताकीदही कोरलेली आहे: खासगी विसरा, सार्वजनिक सांभाळा.

थांबा, मग या
१३७७ मध्ये प्लेगच्या भीतीने इथे कायदा झाला. साथीच्या मुलखातून येणाऱ्यांनी आधी ३० दिवस शहराबाहेर काढायचे, मगच आत यायचं. बंदर बंद केलं तर पोट बंद, आणि सताड उघडं ठेवलं तर जीव धोक्यात. यातून काढलेली ही मधली वाट. पुढे हे दिवस ४० झाले आणि व्हेनिसच्या बोलीतल्या ‘चाळीस’वरून ‘क्वारंटाइन’ शब्द आला. पूर्वेच्या वेशीबाहेरच्या ‘लाझारेती’ या विलगीकरणाच्या इमारती अजून उभ्या आहेत.

सातशे वर्षांचं औषधाचं दुकान
फ्रान्सिस्कन मठातला औषधालयाचा वारसा १३१७ पासूनचा, आणि आजही तिथे औषधं मिळतात. शेजारीच ओनोफ्रिओचं १६ बाजूंचं कारंजं. पंधराव्या शतकात सुमारे १२ किलोमीटरवरच्या झऱ्याचं पाणी इथवर खेळवलं. आजही प्रवासी त्याच तोट्यांखाली बाटल्या भरतात.

दगडी वीराचा हात
चौकातल्या खांबावरचा ऑर्लँडो हा वीर १४१८ मधला. त्याची तलवार पाहाच, पण कोपराखालचा हातही पाहा. पूर्वी व्यापाऱ्यांचं अधिकृत माप तेच, ५१.२ सेंटिमीटर. मापात पाप झालं की निवाडा चौकातच!

गुडघा मोडलेली दारं
स्त्रादुन या मुख्य रस्त्याच्या जागी पूर्वी उथळ खाडी होती. ती बुजवून दोन वस्त्या जोडल्या. पावलांनी घासून इथली फरशी आता आरशासारखी चकाकते. १६६७ च्या भीषण भूकंपानंतर दोन्ही बाजूंना एकसारखी घरं उठली. खाली दुकान, आणि दार-खिडकी एकाच कमानीत, गुडघ्यात वाकलेल्या पायासारखी. खिडकीचा कट्टा हाच गल्ला.

गोव्यातला भाऊबंद
शहराचे रक्षक संत व्लाहो, म्हणजे संत ब्रास. त्यांच्या मूर्तीच्या हातात शहराची छोटी प्रतिकृती असते. गोव्यात तिसवाडीतल्या गवंडाळी गावातही संत ब्रास यांचं चर्च आहे. सोळाव्या शतकात दुब्रोवनिकहून गेलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगितलं जातं.

बेटावर मोर
बंदरातून होडीने पाव तासावर लोक्रुम बेट. पोहा, पाइनच्या सावलीत पडा, आणि हो, तिथे मोर हिंडतात! रात्री मात्र कुणालाही राहू देत नाहीत. शेवटची होडी चुकवू नका.

साल टाकू नका
कडू संत्र्याची सालं साखरेत मुरवून केलेला ‘अरांचिनी’ हा इथला खाऊ. गुंडुलिच चौकातल्या सकाळच्या बाजारात घ्या. सालीचंही सोनं करणारं हे गाव!

दोन रंगांची कौलं
शेवटच्या संध्याकाळी केबल कारने मागच्या डोंगरावर जा. खाली काही छपरं फिकट, बरीचशी झगझगीत केशरी दिसतील. १९७९ मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या या शहरावर १९९१-९२ च्या वेढ्यात तोफगोळे पडले. जुन्या शहरातल्या सुमारे दोन तृतीयांश इमारतींना ते लागले. लोकांनी पडझड सावरली, छपरं पुन्हा शाकारली. फिकट कौलं त्या आधीची, झगझगीत नंतरची. ती केबल कारही युद्धात मोडली होती, २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. वरून पाहताना दोन्ही रंग एकाच छपरावर सापडले, तर तिथे जरा जास्त वेळ थांबा.