एसेनी पंथ आणि जेरुसलेमचे मंदिर
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ज्यू इतिहासकार जोसेफस याने, एसेनी हा विरक्त पंथ जेरुसलेमच्या मंदिराला अर्पणवस्तू पाठवत असे, अशी नोंद केली आहे. मात्र त्यापुढील मजकुराचा पाठभेद, म्हणजे हस्तलिखितांतील शब्दांचा फरक, हेच अभ्यासकांच्या वादाचे मूळ आहे. ग्रीक पाठानुसार ते निराळे शुद्धिविधी पाळून बली देत, तर लॅटिन भाषांतरातील एका नकारामुळे ते बली देतच नसत, असा अर्थ निघतो. कुमरान येथे १९४७पासून सापडलेल्या, बहुतेक अभ्यासक याच पंथाशी जोडत असलेल्या ग्रंथगुंडाळ्यांत प्रार्थनेला बलीचे मोल दिले असले, तरी भावी मंदिराची सविस्तर नियमावलीही आढळते. म्हणूनच एसेनींचा विरोध मंदिरसंस्थेला नसून तत्कालीन पुरोहितांच्या आचाराला होता, हे मत अधिक ग्राह्य ठरते.