तारेचा पीळ

नगरच्या सावेडीतल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "वायफाय असताना नव्या ऑफिसच्या भिंतीत केबल कशाला घालायची?" त्यांच्या इमारतीचं प्लास्टर अजून व्हायचंय. प्रश्न वेळेवर आला!

वायफाय छतावरच्या डबीपर्यंतच असतं, तिथून पुढे तारच. ही करंगळीहून बारीक केबल सोलून पाहा. आत आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, आणि प्रत्येक जोडी सुतळीसारखी पिळलेली. एकीचा पीळ घट्ट, दुसरीचा सैल, दोघींचा सारखा कधीच नाही.

पीळ घालायची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलची. टेलिफोन त्याचा म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण १८८१ चं हे पेटंट कुणाच्या ओठांवर नसतं. मला ते टेलिफोनइतकंच मोठं वाटतं. शेजारून विजेची तार गेली की तिची गुणगुण जोडीतल्या दोन्ही तारांत शिरते. पिळामुळे कधी ही तार विजेच्या तारेजवळ येते, कधी ती, त्यामुळे गुणगुण दोघींत सारखीच उतरते. पलीकडचं यंत्र दोन तारांतला फरक तेवढा मोजतं. सारखी गुणगुण वजा होते, संदेश उरतो. जोड्यांचे पीळ वेगवेगळे ठेवले की त्या एकमेकींतही लुडबुड करत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे मात्र सॉकेट बसवताना कारागीर तो हातानेच उलगडतो. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू देऊ नका.

दुकानात 'कॅट ८' दर्जाची केबल पुढे करतील. ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या अंतरासाठी आहे. ऑफिसला 'कॅट ६ए' पुरते: १०० मीटरवर १० गिगाबिट. फक्त तार अस्सल तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नको.

गाडलेल्या वाटांची विद्या नगरला नवी नाही. निजामशाहीत इथे जमिनीखालच्या नळांतून पाणी खेळवलं होतं. त्याच निजामशाहीच्या मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली आणि आतल्या नळापर्यंत पोचायला जागोजाग मुखं ठेवली.

तुम्हीही तेच करा. केबल थेट भिंतीत पुरू नका, रुंद पाइपातून न्या आणि आत ओढायला एक दोरी सोडून ठेवा. सगळ्या केबल जिथे एकत्र येतात ती रॅकची खोली मजल्याच्या मध्यावर घ्या, म्हणजे कुठलीही केबल ९० मीटरपुढे जाणार नाही. शंभरातले उरलेले १० मीटर दोन्ही टोकांच्या जोडतारांसाठी असतात. विजेच्या वायरी वेगळ्या पाइपातून न्या. आणि प्लास्टरचा पहिला थर चढण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा.