थकलेल्या बैलाची शेवटची शुश्रूषा

श्रावणांतील अमावास्येच्या आदल्या दिवशीं आपल्या मराठवाड्यांत घरोघरीं बैलांची खांदेमळणी होते. ऊन पाण्यानें खांदा शेकून त्यास हळद व तूप चोळतात, आणि दुसरे दिवशींच्या पोळ्याच्या जेवणाचें आमंत्रण बैलास देतात. वर्षभर जुवाखालीं राबलेल्या खांद्याचें ऋण मान्य करण्याची ही रीत फार चांगली आहे. परंतु ज्या बैलाचा खांदा आतां जूं घेऊंच शकत नाहीं, ज्याचे दांत झिजले व मागचे पाय लटपटूं लागले, त्याचें पुढें काय करावें, हें पोळ्याच्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं. त्याच प्रश्नाचा विचार या लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक जाफराबाद तालुक्यांत पूर्णेकाठीं शेती करणारा एक कास्तकार आहे, आणि पुढील विवेचन त्यास स्वतःच्या चुकीमुळें सुचलें आहे. २०१२-१३ सालच्या दुष्काळांत जालना जिल्हा किती होरपळला व मोसंबीच्या बागा कशा वाळून गेल्या, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्या उन्हाळ्यांत माझा एक बैल सतरा वर्षांचा होता. कडबा मिळेनासा झाला होता, दलाल दोनदां दारांत येऊन गेला होता. तरी मीं बैल विकला नाहीं, आणि त्याचा मला अभिमान वाटत होता. वैशाखांत एके दिवशीं तो खालीं बसला तो पुन्हां उठेना. सायंकाळीं तो एका कुशीवर पाय ताणून आडवा झाला, तेव्हां आतां त्यास हालवून त्रास देऊं नये, अशा समजुतीनें मीं त्यास तसाच राहूं दिला. पहाटे पाहतों तों पोट नगाऱ्याप्रमाणें फुगलेलें व प्राण गेलेला. डॉक्टरांनीं मागाहून सांगितलें कीं, रवंथ करणारें जनावर सपाट आडवें पडलें म्हणजे पोटांतील वायूस ढेकरावाटे बाहेर पडतां येत नाहीं. पोट फुगून छातीवर दाब येतो व श्वास कोंडतो. गवत भरलेल्या दोन पोत्यांचा टेकू दिला असता, तर ती रात्र त्याला तशी काढावी लागली नसती. बैल न विकला म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, हा माझा भ्रम त्या दिवशीं गेला.

पांजरपोळापासून गोठ्यापर्यंत

थकलेल्या जनावरास मरेपर्यंत पोसण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. मुंबईस १८३२ सालीं सरकारनें भटकीं कुत्रीं मारण्यास आरंभ केला असतां पारशी लोकांनीं त्याविरुद्ध मोठा दंगा केला. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जिजीभाई व इतर व्यापारी यांच्या दातृत्वानें मुंबईचा पांजरपोळ स्थापन झाला. पुढें गांवोगांवीं अशा संस्था निघाल्या. त्यांचा उपकार मोठा आहे. पण ज्या गोठ्यांत जनावराचा जन्म गेला, जेथील माणसांचा वास व आवाज त्याच्या ओळखीचा आहे, तो गोठा सोडून परक्या कळपांत शेवटचे दिवस काढणें त्यास सुखाचें होत नाहीं.

माणसांच्या बाबतींतही हाच विचार अलीकडे रुजला आहे. लंडन येथें डॉ. सिसिली साँडर्स यांनीं १९६७ सालीं सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलें, आणि मुंबईस वांद्रें येथें १९८६ सालीं शांति आवेदना सदन सुरू झालें. बरा न होणाऱ्या रोग्याच्या वेदना कमी कराव्या, त्याचें अंग स्वच्छ ठेवावें, त्यास सोबत द्यावी, आणि मरण ओढून आणूं नये तसें व्यर्थ लांबवूंही नये, हें या सेवेचें तत्त्व होय. पाश्चात्य देशांत ही पद्धति आतां घरच्या कुत्र्यामांजरांसही लावूं लागले आहेत. आपल्या घरीं बैलाइतका जुना सोबती दुसरा कोणता असणार?

कायद्याची बाजूही ध्यानांत ठेवावी. गोवंशाच्या कत्तलीसंबंधीं १९७६ च्या महाराष्ट्र अधिनियमांत १९९५ सालीं मंजूर झालेली दुरुस्ती मार्च २०१५ पासून अंमलांत आली, व तेव्हांपासून बैल व वळू यांच्याही कत्तलीस राज्यांत बंदी आहे. तसेंच १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यान्वयें आपलें जनावर उपाशी ठेवणें किंवा विनाकारण सोडून देणें हा अपराध आहे. म्हणजे म्हातारा बैल रात्रीं दुसऱ्याच्या शिवारांत हांकून देणें हें लज्जास्पद तर आहेच, शिवाय बेकायदेशीरही आहे.

आधीं निदान

बैल खंगला कीं 'वय झालें' म्हणून स्वस्थ बसूं नये. कित्येक वेळां वय हें निमित्त असून खरें कारण दुसरेंच असतें. आपल्या देशी बैलांत शिंगाचा कर्करोग विशेष आढळतो. बैल वारंवार डोकें झाडतो, शिंग खुंटाला घासतो, तें शिंग एका बाजूस कलतें, आणि त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतें. आरंभींच शस्त्रक्रिया केल्यास गुण येतो. शिंग गळून पडेपर्यंत वाट पाहिली तर मात्र उपाय राहत नाहीं. वाढलेले खूर, पोटांतील जंत, खांद्याची जुनी गांठ, हींही कारणें तपासावीं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीं १९६२ हा दूरध्वनि क्रमांक आहे. रोग बरा होण्यासारखा नाहीं, असें डॉक्टरांनीं सांगितलें म्हणजेच पुढील शुश्रूषेस आरंभ करावा.

अन्न व पाणी

झिजलेल्या दांतांनीं कडब्याचें धाट चावत नाहीं. बैल वैरण तोंडांत घोळवून अर्धवट चावलेले बोळे खालीं टाकतो, आणि गव्हाण भरलेली असूनही उपाशी राहतो. अशा बैलास बारीक कुट्टी पाण्यानें ओलवून द्यावी; कोवळा हिरवा चारा, लसूणघास, भिजविलेली सरकी पेंड व गव्हाचा कोंडा थोडा थोडा, दिवसांतून चार वेळां घालावा. दया येऊन एकदम ज्वारीचें किंवा मक्याचें भरड पुष्कळ घालण्याची चूक करूं नये. त्यानें पोटांत आम्ल वाढून जनावर दगावतें. मोठ्या बैलास दिवसास तीस-चाळीस लिटर पाणी लागतें, उन्हाळ्यांत त्याहून अधिक. ज्यास हौदापर्यंत चालवत नाहीं त्याच्या तोंडापुढें घमेलें न्यावें. तोंडांत नळीनें बळेंच ओतूं नये, कारण पाणी श्वासनलिकेंत जाण्याचा धोका असतो.

बसलेलें जनावर

माझी चूक येथेंच झाली, म्हणून हें अधिक विस्तारानें सांगतों.

बैल उठेनासा झाला कीं त्यास फरशीवर किंवा दगडी जमिनीवर ठेवूं नये. मऊ मातीवर वाळू पसरून तीवर वीतभर गवत किंवा पाचट घालावें, आणि ओलें झालेलें रोज काढून टाकावें. बैल छातीवर बसता राहील अशा बेतानें दोन्ही कुशींस गवताच्या पोत्यांचे टेकू द्यावे. दर तीन-चार तासांनीं, रात्रींसुद्धां, त्याची कूस बदलावी. नाहींतर ज्या पायावर भार असतो त्यांतील मांस व नसा दबून निकामी होतात. कूस बदलण्यास तीन माणसें लागतात. शेपूट पिरगळून किंवा टोचून उठविण्याचा प्रयत्न करूं नये. कंबर, गुडघे व कोपर यांवर जखमा होतात का, तें रोज पाहावें. जखम मिठाच्या कोमट पाण्यानें धुवून कोरडी करावी व माशी बसूं देऊं नये. एकदां किडे पडले कीं दुःख दसपट वाढतें. जोडीदार बैल असल्यास त्यास नजरेच्या टप्प्यांत बांधावें. एकटें पडलेलें जनावर लवकर खचतें.

वेदना व औषध

बैल बोलत नाहीं, पण दांत खाणें, कण्हणें, पाठीची कमान करणें, कान पाडून कळपापासून दूर उभें राहणें, आणि मुख्यतः रवंथ थांबणें, ही त्याची भाषा होय. वेदनेवर औषध आहे व तें मागण्यास संकोच करूं नये. मात्र तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच द्यावें, आणि येथें एक गोष्ट अवश्य विचारावी. डायक्लोफिनॅक हें औषध दिलेल्या जनावराचें शव खाऊन गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. १९९० नंतरच्या काळांत देशांतील तीन जातींचीं गिधाडें याच कारणानें शेंकडा ९५ हून अधिक नाहींशीं झालीं, व २००६ सालीं जनावरांसाठीं या औषधास बंदी झाली. किटोप्रोफेन व असिक्लोफिनॅक यांसही २०२३ सालीं बंदी झाली आहे. मेलॉक्सिकॅम हें गिधाडांस निर्धोक ठरलेलें औषध आहे, तेंच मागावें.

मरण लांबवावें काय?

या प्रश्नाचें उत्तर सोपें नाहीं. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक वासरूं असाध्य दुखण्यानें तळमळत होतें. उपाय हरल्यावर गांधीजींनीं स्वतः हजर राहून डॉक्टरांकडून विषाची सुई देवविली, आणि त्यावरून देशभर त्यांजवर टीकेचा भडिमार झाला. ज्या वेदनेस उतार नाहीं ती पाहत बसणें ही अहिंसा नव्हे, असें त्यांचें म्हणणें होतें. उलट पक्षीं, ज्यास आपण प्राण दिला नाहीं त्याचा तो घ्यावयाचा अधिकार आपणांस नाहीं, असें मानणारेही पुष्कळ आहेत, आणि पांजरपोळांची परंपरा याच श्रद्धेवर उभी आहे.

माझ्या मतें या दोन्ही पक्षांस मान्य होण्यासारखी एक गोष्ट आहे: निर्णय आपल्या कंटाळ्यावरून होऊं नये व मोहावरूनही होऊं नये. यासाठीं एक वही ठेवावी. आज खाल्लें काय, पाणी प्यालें काय, रवंथ केला काय, रात्र शांत गेली काय, या चार प्रश्नांचें उत्तर रोज लिहावें. औषध चालू असूनही 'नाहीं' हें उत्तर दिवसेंदिवस वाढत गेलें, तर वही डॉक्टरांस दाखवावी. असह्य यातना भोगणाऱ्या जनावराचा अंत करण्याची तरतूद १९६० च्या कायद्याच्या तेराव्या कलमांत आहे. पण तो निर्णय अधिकारी व पशुवैद्य यांचा. मालकानें आपल्या हातानें कांहीं करूं नये.

राखणीचें कुत्रें

आखाड्यावरील म्हाताऱ्या कुत्र्यासही हेच नियम लागू आहेत. त्याची सांखळी काढावी, थंडींत गोणपाटाचें अंथरूण द्यावें, भाकरी वरणांत मऊ कुसकरून घालावी. माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या कुत्र्यामांजरांस घातक असतात. त्या मुळींच देऊं नयेत. मात्र ज्या कुत्र्याचा स्वभाव एकाएकीं बदलला, ज्याच्या तोंडांतून लाळ गळते व ज्यास गिळतां येत नाहीं, त्याच्या तोंडांत दयेपोटींही हात घालूं नये. ती लक्षणें पिसाळल्याचीं असूं शकतात, आणि हाच इशारा बैलासही लागू आहे.

शेवटची माती

मेलेलें जनावर विहिरीपासून व ओढ्यापासून दूर, पुरुषभर खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावें. सुई देऊन अंत केला असल्यास शव उघड्यावर टाकल्यानें तें खाणारीं कुत्रीं व पक्षी मरतात. एकाएकीं मेलेल्या जनावराच्या नाकातोंडांतून काळें रक्त येत असेल, तर फाशीचा संशय धरून शव फाडूं नये, कातडें काढूं नये, व डॉक्टरांस कळवावें.

हिशेब

इतका खर्च कोरडवाहू शेतीस झेपेल काय, असा प्रश्न वाचक विचारतील, व तो योग्य आहे. बसून खाणाऱ्या मध्यम बैलास दिवसास सहा-सात किलो वाळली वैरण, म्हणजे वर्षास सुमारें पंचवीस क्विंटल लागते. त्याच्या शेणामुताचें खत शेतांत परत येतें तें वजा करावें. शेवटची खरी शुश्रूषा तर बहुधा थोड्या आठवड्यांची असते. तिला पैशापेक्षां हात अधिक लागतात, आणि शेजारधर्म असेल तर हात मिळतात.

माझा दुसरा बैल, पहिल्याचाच जोडीदार, २०१७ च्या मार्गशीर्षांत बसला. या वेळीं तेवीस दिवस आम्हीं पाळीपाळीनें त्याची कूस बदलली. रात्रीं दोन वाजतांची पाळी आमच्या सालदारानें आपण होऊन मागून घेतली. वहींत एकवीस दिवस रवंथाची नोंद आहे. बाविसाव्या दिवशीं त्यानें वैरण सोडली, तेविसाव्या दिवशीं पहाटे छातीवर बसल्या जागींच त्यानें मान खालीं टेकली. घरांत सर्वांस वाईट वाटलें; पण २०१३ ची ती पहाट आठवून मला जें वाटत आलें आहे, तसें या वेळीं वाटलें नाहीं.

म्हणून सुचवावेंसें वाटतें कीं, प्रत्येक कास्तकारानें खांदेमळणीच्या दिवशीं बैलाचा खांदा मळतांना त्याचे दांत, शिंगें, खूर व पाय हींही पाहावींत, आणि ज्याचें काम संपलें आहे त्याच्यासाठीं गोठ्यांत एक मऊ, कोरडी जागा त्याच दिवशीं नेमून ठेवावी. पोळ्याच्या दिवशीं त्या जागेवरही नैवेद्याचें ताट न्यावें.