लघवीत सापडणारा बुरशीचा माग

२०२१च्या उन्हाळ्यात म्युकरमायकोसिसने महाराष्ट्र हादरला. केंद्राने मे महिन्यात राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितली. जुलैपर्यंत देशात पंचेचाळीस हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते. चर्चा मात्र अँफोटेरिसिन या औषधाच्या तुटवड्याचीच झाली. औषधाआधी निदान लागते आणि खरा खोळंबा तिथेच होतो. हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरचा मधुमेही रुग्ण त्र्यंबकेश्वरला येतो, तिथून सुमारे तीस किलोमीटरवर नाशिकला जातो. मग नाकातला तुकडा काढायचा, पोटॅशचा थेंब टाकून काचपट्टीवर पाहायचा. रुंद, पडदे नसलेले, जवळजवळ काटकोनात फुटलेले तंतू दिसले तर म्युकर. तुकडा चुकीच्या जागचा निघाला की सारे पुन्हा.

रक्ततपासणी नाही असे नाही. गॅलॅक्टोमॅनन अ‍ॅस्परजिलस या बुरशीची चाहूल देते, बीटा-डी-ग्लुकन बऱ्याच बुरशींची. पण म्युकरच्या बाबतीत दोन्ही निरुपयोगी, आणि ही उणीव जिवावर बेतते: अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. म्हणून माझा भर या तपासण्या शोधतात त्या बुरशीच्या भिंतीच्या तुकड्यांपेक्षा तिच्या चयापचयातून बाहेर पडणाऱ्या लहान रेणूंवर आहे. अ‍ॅस्परजिलस आपल्या शरीरातले लोह ओढून घेण्यासाठी ट्रायअ‍ॅसिटिलफ्युसारिनिन-सी नावाचा रेणू सोडते. माणसाचे शरीर तो बनवतच नाही, आणि तो लघवीतही उतरतो. म्युकर वर्गातल्या बुरशी त्याच कामासाठी रायझोफेरिन बनवतात. २०१४मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी तर अ‍ॅस्परजिलसच्या रुग्णांच्या उच्छ्वासात ठरावीक टर्पीन ओळखून दाखवले. भूल देऊन तुकडा काढण्यापेक्षा लघवीची बाटली भरणे किती सोपे!

यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. कँडिडा ही बुरशी बनवते ते डी-अ‍ॅराबिनिटॉल कित्येक दशके ठाऊक असूनही ती तपासणी सर्रास रूढ झाली नाही. एक अडचण मूत्रपिंडाची: ते थकले की हा रेणू बुरशीशिवायही रक्तात साचतो. म्हणून तो क्रिएटिनिनशी किंवा एल-अ‍ॅराबिनिटॉलशी ताडून पाहावा लागतो. मधुमेहात मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण आपल्याकडे भरपूर, तेव्हा परदेशातले आकडे जसेच्या तसे उचलता येणार नाहीत. मापाची रेषा इथल्याच रुग्णांवर आखावी लागेल, आणि त्यासाठी निदान पक्के झालेल्यांचे नमुने जपून ठेवायला हवेत. २०२१मध्ये असे रुग्ण एवढ्या मोठ्या संख्येने एकाच वेळी समोर होते. तसा साठा ही त्या साथीने दिलेली सर्वांत मोलाची शिदोरी ठरली असती.

दुसरा आक्षेप खर्चाचा. असे रेणू मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर त्र्यंबकेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयात कोण बसवणार? बसवण्याची गरजच नाही. हलवायचा आहे तो नमुना, रुग्ण नव्हे. यंत्र नाशिकला किंवा मुंबईला असले तरी चालेल. रेणू एकदा पक्का ठरला की त्यासाठी पट्टी बनवण्याचा प्रयत्न करता येतो. लघवीतली साखर आज पट्टीवरच कळते. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या बुरशी-यादीत म्युकर वर्ग उच्च प्राधान्याच्या गटात आहे, म्हणजे हा काही केवळ आपलाच प्रश्न नाही. आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून नमुने गोळा करण्याचे काम त्याने हाती घेतले तर रायझोफेरिनची परीक्षा सर्वांत आधी इथेच होऊ शकते.