गल्ल्यावरचे ७५ सेंट

आज जगात प्रवेश मिळायला सर्वांत अवघड गोल्फ क्लब कोणता, असे विचारले तर बहुतेक जण ऑगस्टा नॅशनलचे नाव घेतील. तिथे अर्ज करून सभासद होता येत नाही, बोलावणे यावे लागते. पण १९३३ च्या जानेवारीत, ऐन महामंदीत, अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात हा क्लब सुरू झाला, तेव्हा त्याला सभासद मिळता मिळत नव्हते. बॉबी जोन्स हा त्या काळचा सर्वांत लाडका गोल्फपटू. तो आणि न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला क्लिफर्ड रॉबर्ट्स या दोघांनी १,८०० सभासदांचा हिशेब मांडला होता. प्रवेशशुल्क ३५० डॉलर, वर्षाची वर्गणी ६० डॉलर. १९३४ च्या मार्चमध्ये पहिली स्पर्धा भरली, तोवर पैसे भरलेले सभासद होते ७६. ज्याने हे मैदान आखले तो अ‍ॅलिस्टर मॅकेंझी १९३४ च्याच जानेवारीत वारला. त्याच्या मेहनतान्यातली बरीच रक्कम त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही.

जोन्सचे नाव पाठीशी असलेल्या क्लबची ही गत, तर गावोगावच्या क्लबांचे काय झाले असेल? अमेरिकेत १९३१ साली एकूण ५,६९१ गोल्फ मैदाने होती आणि त्यातली ४,४४८ खासगी क्लबांची. १९४६ पर्यंत खासगी मैदाने ३,०१८ वर आली. याच काळात पैसे भरून कोणीही खेळावे अशी मैदाने ७०० वरून १,०७६ झाली आणि नगरपालिकांची ५४३ वरून ७२३. काही मैदानांवर शेती आली, काहींवर घरे. पण पुष्कळांनी तग धरण्यासाठी एकच मार्ग पत्करला. फाटकावरची ‘फक्त सभासदांसाठी’ ही पाटी उतरवली आणि बाहेरच्यांकडून दिवसाचे पैसे घ्यायला सुरुवात केली.

यामागचे गणित निष्ठुर आहे. गोल्फचे मैदान हे न थांबणारा खर्च असतो. खेळायला चारशे लोक येवोत की चाळीस, ग्रीनवरचे गवत कापावेच लागते, पाणी द्यावेच लागते, माळ्यांचा पगार निघावाच लागतो. मंदीत दहा सभासद सोडून गेले की त्यांच्या वाट्याचा खर्च उरलेल्यांच्या डोक्यावर येतो. वर्गणी वाढते. मग जे कसेबसे टिकून होते तेही राजीनामा देतात आणि वर्गणी पुन्हा वाढवावी लागते. या घसरणीत क्लबाकडे विकण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे रिकामा वेळ. मंगळवारी सकाळी मैदानावर चिटपाखरू नसते, तो वेळ बाहेरच्याला विकला तर जास्तीचा खर्च जवळपास शून्य. म्हणून प्रत्येक मंदीत, प्रत्येक देशात, क्लबांना ही युक्ती नव्याने सुचते.

लाँग आयलंडवरच्या लेनॉक्स हिल्स क्लबाचे नशीब मात्र याहून वेगळे निघाले. रेल्वेसम्राट बेंजामिन योकम याच्या जमिनीवर १९२३ साली हे मैदान उभे राहिले होते. १९२९ मध्ये योकम गेला, त्याच वर्षी बाजार कोसळला आणि क्लबाचा कणा मोडला. न्यूयॉर्क राज्याच्या उद्यानांचा कारभार तेव्हा रॉबर्ट मोझेस या जबरदस्त माणसाच्या हाती होता. त्याने ती सारी जमीन राज्याच्या ताब्यात आणली. ए. डब्ल्यू. टिलिंगहास्ट हा एरवी धनवंतांच्या क्लबांसाठी मैदाने आखणारा नामवंत. मंदीत त्याचीही कामे आटली होती, तो सल्लागार म्हणून आला. मदतकार्यावरचे सुमारे १,८०० मजूर लागले, म्हणजे आपल्या रोजगार हमीसारखेच. जुन्या क्लबाचे मैदान ‘ग्रीन कोर्स’ झाले, त्याच्या शेजारी नवी मैदाने तयार झाली आणि १९३६ मध्ये त्यातले सर्वांत अवघड ‘ब्लॅक कोर्स’ खुले झाले. हेच ते बेथपेज.

या मैदानाची रीत मला फार आवडते. ऑनलाइन वेळ मिळाली नाही तर लोक आदल्या रात्री गाडी घेऊन येतात, क्रमांक घातलेल्या जागेत उभी करतात आणि गाडीतच झोपतात. पहाटे क्रमाने नंबर लागतो. बँकर आणि नळदुरुस्तीवाला एकाच रांगेत. ब्लॅकवर गोल्फची छोटी गाडी चालत नाही, अठराही होल पायी फिरावे लागतात. पहिला फटका जिथून मारतात तिथे एक पाटी आहे. मैदान अत्यंत कठीण आहे, निष्णात खेळाडूंनीच यावे, असा इशारा त्यावर आहे. तिथे कोणाला येऊ नका असे सांगायचेच झाले तर ते खेळातल्या कौशल्यावरून सांगितले जाते, कोणाच्या ओळखीपाळखीवरून नाही. २००२ साली यूएस ओपन इथे झाली, सरकारी मालकीच्या मैदानावर प्रथमच. टायगर वूड्स जिंकला.

पण बेथपेज हा अपवाद. दार बाहेरच्यांसाठी उघडले, असे म्हणताना हे ‘बाहेरचे’ कोण, हे विचारल्याशिवाय ही कथा पुढे नेता येत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरो शहरात गिलेस्पी पार्क नावाचे मैदान १९४१ मध्ये झाले, तेही मदतकार्याच्या सरकारी पैशातून. कर काळ्या नागरिकांनीही भरला होता, पण खेळायचे फक्त गोऱ्यांनी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काळे लोक हक्क मागू लागले, तेव्हा शहराने शक्कल लढवली. मैदान एका ‘खासगी’ क्लबाला वर्षाला एक डॉलर भाड्याने दिले. आता ही खासगी संस्था, तिने कोणाला घ्यावे हा तिचा प्रश्न, असा तो युक्तिवाद होता.

नोव्हेंबर १९५५ मध्ये अटलांटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शहरांच्या मालकीच्या गोल्फ मैदानांवरचा वर्णभेद मोडीत काढला. ज्या मैदानावर प्रवेश नाकारल्यामुळे तो खटला उभा राहिला, त्याला ऑगस्टावाल्या बॉबी जोन्सचेच नाव होते. महिनाभरात, ७ डिसेंबर १९५५ रोजी, ग्रीन्सबरोचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स आणि त्यांचे पाच मित्र गिलेस्पी पार्कवर गेले. गल्ल्यापाशी त्यांना सांगण्यात आले की हा सभासदांचा क्लब आहे. त्यांनी प्रत्येकी ७५ सेंट गल्ल्यावर ठेवले आणि चेंडू घेऊन मैदानात उतरले. शिव्या देत त्यांना हाकलण्यात आले. त्याच रात्री बेकायदा प्रवेश केल्याच्या आरोपाखाली सहाही जणांना अटक झाली.

सिमकिन्स यांनी केंद्रीय न्यायालयात दावा लावला. तिथे जे बाहेर आले तेच माझ्या दृष्टीने या लेखाचे मर्म आहे. गोरा माणूस सभासद नसला तरी त्या दिवसाचे पैसे भरून बिनदिक्कत खेळत होता, त्याला सभासदत्वाचे कार्ड कोणी मागत नव्हते. म्हणजे क्लब बाहेरच्यांना खुला होताच, फक्त काही विशिष्ट बाहेरच्यांना बंद होता. १९५७ मध्ये निकाल सिमकिन्स यांच्या बाजूने लागला. हुकूम अमलात येण्याच्या सुमारास क्लबाची इमारत जळाली, मग शहराने मैदानच बंद करून टाकले. सर्वांसाठी उघडण्यापेक्षा कोणासाठीच नको! फौजदारी शिक्षेविरुद्धचे अपील तर सर्वोच्च न्यायालयात १९६० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळले गेले, कारण क्लब नावापुरताच खासगी असल्याचा पुरावा त्या खटल्याच्या नोंदीत नीट आलाच नव्हता. राज्यपालांनी शिक्षा सौम्य केली म्हणून तुरुंगवास टळला. मैदान पुन्हा उघडले ते ७ डिसेंबर १९६२ रोजी. बरोबर सात वर्षांनी सिमकिन्स तिथे खेळले.

या लढ्यांतून एक नियम घडत गेला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खऱ्या अर्थाने खासगी असलेल्या क्लबांना सूट दिली. खऱ्या अर्थाने म्हणजे काय, हे १९६९ मध्ये स्पष्ट झाले. आर्कान्सामधल्या लेक निक्सन या करमणुकीच्या ठिकाणी गोऱ्यांना २५ सेंटांत ‘सभासद’ करून घेत आणि काळ्यांना जागा भरल्या म्हणून परत पाठवत. सर्वोच्च न्यायालयाने तो बुरखा फाडला.

कॅलिफोर्नियात हेच तत्त्व स्त्रियांच्या कामी आले. सॅन माटेओच्या पेनिन्सुला गोल्फ अँड कंट्री क्लबात मालकी हक्काचे सभासदत्व फक्त पुरुषांना होते. घटस्फोटाच्या वाटणीत एका स्त्रीकडे ते आले, तर क्लबाने तिचे सभासदत्व रद्द केले. १९९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबाचा जमाखर्च पाहिला. बाहेरच्यांना समारंभासाठी जागा भाड्याने दिली जात होती, सभासद नसलेल्यांना दुकानातून माल विकला जात होता, शिकवण्या चालत होत्या. हा तर व्यवसाय आहे, असे न्यायालय म्हणाले, आणि व्यवसायाला लागू असलेला भेदभावविरोधी कायदा तुम्हालाही लागू. बाहेरचा पैसा घेतला की बाहेरचा कायदाही आत येतो, आणि तो आलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

करखात्यानेही हीच रेघ ओढली आहे. अमेरिकेत करमुक्त सामाजिक क्लबाला १९७६ च्या दुरुस्तीपासून सभासद नसलेल्यांकडून साधारणपणे एकूण उत्पन्नाच्या १५ टक्क्यांपर्यंतच पैसा घेता येतो. त्यापुढे गेले की करसवलत धोक्यात येते. आपल्याकडच्या जिमखान्यांच्या चिटणिसांना हा विचार ओळखीचा वाटेल. सभासदांनी आपापसांत गोळा केलेला पैसा हा नफा नव्हे, या परस्परतेच्या तत्त्वावर भारतातले क्लब आयकरातून सूट मागतात. बेंगळुरू क्लबाच्या प्रकरणात २०१३ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बँकेतल्या ठेवींच्या व्याजाला ही सूट नाही, कारण पैसा बँकेच्या हाती गेला की परस्परतेची कडी तुटते.

जपानची तऱ्हा वेगळी, तिथे क्लबच सट्ट्याची वस्तू झाला होता. सभासद प्रवेशाच्या वेळी मोठी बिनव्याजी ठेव ठेवत, ती साधारण दहा वर्षांनी परत मागता येई, आणि सभासदत्वे शेअरसारखी बाजारात फिरत. तेजीच्या शिखरावर टोकियोजवळच्या कोगानेई क्लबाचे सभासदत्व ४० कोटी येनच्या पुढे गेले. त्याच धुंदीत मिनोरू इसुतानी या उद्योजकाने १९९० मध्ये कॅलिफोर्नियाचे पेबल बीच सुमारे ८४ कोटी डॉलरना घेतले. हे मैदान १९१९ पासून पैसे भरणाऱ्या कोणालाही खुले होते. इसुतानींना तिथली सभासदत्वे लाखो डॉलरना विकून कर्ज फेडायचे होते. सामान्य खेळाडूंसाठी मग वेळ उरणार कुठे, असा आक्षेप स्थानिकांनी घेतला आणि राज्याच्या किनारपट्टी आयोगाने योजना अडवली. १९९२ मध्ये त्यांना ते ५० कोटींना सोडावे लागले. मंदी दार उघडते हे आपण पाहिले, पण तेजी ते कसे बंद करू पाहते याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही.

दहा वर्षे भरल्यावर जपानी सभासद ठेवी मागायला आले, तेव्हा पैसे मैदानांत आणि कर्जात गाडले गेले होते. शेकडो क्लब दिवाळखोरीत गेले. गोल्डमन सॅक्स आणि लोन स्टार या अमेरिकी कंपन्यांनी ते घाऊक भावात उचलले, त्यातून अ‍ॅकॉर्डिया आणि पीजीएम या साखळ्या झाल्या. पूर्वी सभासदाच्या ओळखीशिवाय जिथे पाऊल टाकता येत नसे, तिथे आता इंटरनेटवरून कोणीही वेळ ठरवू लागला. सामान्य जपानी खेळाडूचा यात फायदा झाला, हे मान्य. पण आयुष्याची पुंजी ठेवीत अडकवलेल्या नोकरदारांचे त्यात अतोनात नुकसान झाले, ते या हिशेबातून वगळता येत नाही.

२००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत क्लबांची तीच जुनी घसरण पुन्हा सुरू झाली. फ्लोरिडात क्लब सोडू पाहणारे यादीत अडकून पडले. काही ठिकाणी सोडणाऱ्याचे सभासदत्व पुन्हा विकले जाईपर्यंत त्याची वर्गणी चालूच, असे नियम होते. सोमवारी, म्हणजे मैदानाच्या सुट्टीच्या दिवशी, कंपन्यांच्या सहली घेणे हा जुना मार्ग होता. तो अपुरा पडला तेव्हा क्लबांनी चाचणी-सभासदत्वे काढली, हॉटेलांशी करार केले आणि अखेर रिकाम्या वेळा थेट ऑनलाइन विकायला काढल्या.

२०२० च्या साथीनंतर उघड्यावरच्या या खेळाला गर्दी लोटली. अनेक खासगी क्लबांत पुन्हा प्रतीक्षायाद्या लागल्या, प्रवेशशुल्क वाढले आणि बाहेरच्यांच्या वेळा गुपचूप मागे घेतल्या गेल्या. ज्यांनी मंदीत मैदान विकून टाकले होते त्यांना मात्र परतीची वाट नव्हती. ऑगस्टा आखणाऱ्या मॅकेंझीने अखेरचे दिवस ज्या मैदानाच्या कडेला घालवले, ते कॅलिफोर्नियाचे पासाटिएम्पो अर्धे सभासदांचे आणि अर्धे लोकांचे असेच चालू आहे. तिथे पैसे भरून आजही कोणालाही खेळता येते.