बालमनाचे साक्षीदार

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मानवी विकासाच्या सिद्धांतांचा परिचय बहुधा एखाद्या कोष्टकाच्या रूपाने करून दिलेला असतो: डाव्या बाजूस वय, वरच्या ओळीत फ्रॉइड, पियाजे, एरिक्सन, कोलबर्ग ही नावे, आणि मधल्या घरांत ज्याच्या त्याच्या अवस्था; अध्यापक-विद्यालयांतून परीक्षेस बसणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ही घरे तोंडपाठ करून गुण पदरात पाडून घेतले आहेत. या कोष्टकामुळे एक गैरसमज मात्र दृढ होतो, तो असा की, हे सर्व पंडित एकाच बालकाकडे पाहत होते आणि केवळ त्यांची मते भिन्न पडली. वस्तुस्थिती तशी नव्हती. प्रत्येकापुढे साक्षीस उभे राहिलेले मूल निराळे होते आणि त्याची जबानी घेण्याची रीतही निराळी होती. म्हणून या सिद्धांतांची तुलना करावयाची झाल्यास निकालपत्रे शेजारी शेजारी मांडण्यापूर्वी साक्षीपुराव्याचे दफ्तर उघडावे, असे आमचे मत आहे.

फ्रॉइडच्या बाबतीत ही तपासणी लवकर आटोपते, कारण १९०५ साली बालकाच्या कामजीवनाविषयी त्याने जे प्रतिपादन केले ते मुख्यत्वे व्हिएन्नातील प्रौढ रुग्णांच्या कथनावर आधारलेले होते. १९०९ साली त्याने 'लहानग्या हान्स'ची हकिकत प्रसिद्ध केली खरी. परंतु घोड्यांना भिणाऱ्या त्या पाच वर्षांच्या मुलाचे बहुतेक सारे बोलणे वडिलांच्या टिपणांतून फ्रॉइडपर्यंत पोहोचले, आणि उपचाराच्या काळात त्याने मुलाला समक्ष पाहिले ते एकदाच. ऐकीव पुराव्यावर एवढी मोठी इमारत क्वचितच कोणी उभारली असेल. तरीही, प्रौढाच्या दुःखाचे मूळ त्याच्या बाल्यात शोधावे, ही विसाव्या शतकाच्या अंगवळणी पडलेली दृष्टी याच इमारतीच्या खिडकीतून आलेली आहे.

ज्याँ पियाजे हा याच्या अगदी उलट प्रकृतीचा मनुष्य. १८९६ साली स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे जन्मलेला आणि तरुणपणी शंखशिंपल्यांच्या प्राण्यांवर निबंध लिहिणारा हा निसर्गाभ्यासक पॅरिस येथे बुद्धिमापनाच्या चाचण्या प्रमाणित करण्याच्या कामावर असताना, ज्या चुकीच्या उत्तरांना इतर परीक्षक शून्य गुण देऊन मोकळे होत, त्यांच्यातच गुंतून पडला. कारण एका वयाची मुले पुष्कळदा एकाच तऱ्हेने चुकतात आणि त्या चुकीमागे एक सुसंगत तर्क असतो, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे त्याने पत्नीच्या साहाय्याने स्वतःच्या तीन अपत्यांचे, पाळण्यापासूनचे, इतके बारीक निरीक्षण केले की, खेळणे फडक्याखाली झाकताच मूल ते शोधावयाचे सोडून देते, आणि काही महिन्यांनी तेच मूल फडके दूर सारते, असले क्षुल्लक दिसणारे तपशील ज्ञानमीमांसेचे प्रश्न होऊन बसले. मूल जगाला हाताळते आणि त्या हाताळण्यातून स्वतःची बुद्धी स्वतःच घडविते, हा त्याचा मूळ सिद्धांत आजही ताठ उभा आहे.

डगमगल्या त्या वयाच्या मर्यादा, आणि त्याचे कारण जबानी घेण्याच्या रीतीतच होते. चकत्यांच्या दोन समान ओळी मुलापुढे मांडून 'सारख्या आहेत का?' असे विचारावयाचे, मग त्याच्यादेखत एक ओळ पसरून लांब करावयाची आणि तोच प्रश्न पुन्हा विचारावयाचा. पाच वर्षांचे मूल पुष्कळदा लांब ओळीत अधिक चकत्या आहेत असे सांगते, आणि त्यावरून संख्येच्या अक्षय्यतेचे ज्ञान त्याला नाही, असा निष्कर्ष पियाजे काढीत असे. १९७४ साली मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनल्डसन या संशोधकद्वयाने, प्रयोगकर्त्याऐवजी एका खट्याळ खेळण्यातल्या अस्वलाकडून ती ओळ विस्कटविली, तेव्हा कितीतरी अधिक मुलांनी अचूक उत्तर दिले. मोठ्या माणसाने मुद्दाम काही हलवून तोच प्रश्न पुन्हा केला म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असावे, असे मूल समजते. ज्याने वर्गात शिक्षकाचा 'नक्की?' हा शब्द ऐकला आहे, त्याला याचे नवल वाटू नये.

याच ठिकाणी लेव विगोत्स्कीचे नाव आठवते. तोही १८९६ सालचाच; बेलारूसमधल्या गोमेल गावात वाढला, १९२४ साली मॉस्कोस आला आणि १९३४ साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी, क्षयाने गेला; त्याचा विचार आणि भाषा या विषयावरील मुख्य ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला, आणि १९३६ साली बालविज्ञानावर कम्युनिस्ट पक्षाचे फर्मान निघाल्यावर त्याचे लेखन दोन दशके दडपलेलेच राहिले. खेळताना मूल जे स्वतःशी बडबडते, ती आत्मकेंद्रितता असून वयाबरोबर विरून जाते, असे पियाजे म्हणे. विगोत्स्कीचे म्हणणे असे की, ती विरत नाही, आत शिरते, आणि तिचेच मूक विचार होतात. म्हणजे आधी दुसऱ्याशी बोलणे, मग स्वतःशी, आणि मग मनात! मूल एकटे काय करू शकते यापेक्षा जाणत्याच्या मदतीने काय करू शकते, हे पाहावे, हा त्याचा आग्रह यातूनच निघाला.

त्याचा सहकारी लूरिया १९३१ आणि १९३२ साली उझ्बेकिस्तानच्या मुलुखात गेला व तेथील निरक्षर शेतकऱ्यांना त्याने विचारले, 'अति उत्तरेस, जेथे बर्फ असते, तेथे सर्व अस्वले पांढरी असतात. अमुक बेट अति उत्तरेस आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची?' जे डोळ्यांनी पाहिले नाही त्याविषयी आम्ही बोलत नाही, अशा आशयाची उत्तरे त्याला मिळाली. लूरियाने यात शालेय शिक्षणाअभावी अविकसित राहिलेला अमूर्त विचार पाहिला. आम्हांस मात्र त्यात प्रामाणिक साक्षीदार दिसतो. पंडितांच्या शाळेचा संकेत त्याला ठाऊक नव्हता, एवढेच.

एरिक एरिक्सनने तर साक्षीदारांच्या शोधात खंड पालथे घातले. व्हिएन्नात ॲना फ्रॉइडपाशी शिकून १९३३ साली अमेरिकेस गेलेला हा मनुष्य सू आणि युरोक या आदिवासी जमातींत जाऊन आला, आणि १९५० साली त्याने जन्मापासून वार्धक्यापर्यंतचे आठ टप्पे मांडले. विकास पौगंडावस्थेत संपत नाही, हे त्यातले नवे. १९६९ सालच्या त्याच्या ग्रंथात अहमदाबादच्या १९१८ सालच्या गिरणी-संपातील अठ्ठेचाळीस वर्षांचे गांधीजी केंद्रस्थानी आहेत, आणि ग्रंथाच्या मध्यावर दिवंगत गांधीजींना उद्देशून लिहिलेले एक लांब पत्र आहे, ज्यात कस्तुरबांशी आणि आश्रमातील मुलांशी त्यांनी जे वर्तन केले त्याचा जाब विचारलेला आहे. शास्त्रीय ग्रंथात असे पत्र शोभते काय, असा आक्षेप घेता येईल. आम्हांस तो त्या ग्रंथाचा सर्वांत निर्भय भाग वाटतो. एरिक्सनचा प्रभाव मान्य करणाऱ्या सुधीर कक्कर यांनी १९७८ साली भारतीय बाल्याचा विचार करताना, आईच्या दीर्घ सहवासातून पाचएक वर्षांचा मुलगा पुरुषांच्या जगात लोटला जातो, त्या घटनेस दुसरा जन्म म्हटले.

बोल्बीचा मातृसंबंधाचा सिद्धांत येथे ओझरताच सांगतो: त्याची सहकारी मेरी एन्सवर्थ हिने युगांडातील गावांत माता आणि अर्भके यांचे निरीक्षण प्रथम केले, हे तिच्या बाल्टिमोरमधील प्रसिद्ध प्रयोगाच्या गाजावाजात विसरले जाते.

राहिला कोलबर्ग. १९५८ साली शिकागोच्या परिसरातील मुलग्यांना नैतिक पेच घालून त्याने नीतिविचाराचा सहा पायऱ्यांचा जिना बांधला, ज्याच्या वरच्या टोकास सार्वत्रिक न्यायतत्त्व होते. मूळ साक्षीदारांत एकही मुलगी नव्हती, ही फिर्याद कॅरल गिलिगनबाईंनी १९८२ साली गुदरली आणि संबंध व जबाबदारी यांच्या भाषेत बोलणारी नीती कनिष्ठ कशी, असा सवाल केला. पाच वर्षांनी श्वेडर आणि त्याचे सहकारी यांनी भुवनेश्वरमधील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांपुढे नाना तऱ्हेच्या वर्तनांची यादी ठेवून कोणते किती गंभीर, असे विचारले होते. तेथील सनातनी ब्राह्मणांनी जी कृत्ये सर्वांत गंभीर ठरविली त्यांत, पित्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी ज्येष्ठ पुत्राने केस कापून कोंबडीचे मांस खाणे, हे एक होते. शिकागोतील मुलांस हा अपराध वाटलाच नसता. उलट भुवनेश्वरकरांस तो केवळ रीतिभंग वाटला नाही, कोठेही आणि केव्हाही पाप असे ते पाप वाटले, आणि कोलबर्गच्या जिन्यावर असल्या उत्तरास जागा कोणत्या पायरीवर द्यावयाची, हा वाद अद्याप मिटलेला नाही.