चौदा दिवस आणि दोन कॉलम

‘हूथींनी अडवली निफाडची द्राक्षे’. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला नाशिकच्या एका दैनिकात हा मथळा वाचला आणि तो लावणाऱ्या माणसांना भेटावंसं वाटलं. गेलो तो दिवस नेमका १२ जानेवारीचा निघाला. तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं डागणाऱ्या हूथी बंडखोरांविरुद्ध पहाटे अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर हल्ले चढवले होते, आणि त्याच दिवशी पंतप्रधान राष्ट्रीय युवा महोत्सवासाठी नाशकात येऊन गेले होते. पहिल्या पानाचं काय झालं असेल ते सांगायला नको. रोड शो, काळाराम मंदिर, त्याखाली मुंबईचा अटल सेतू. येमेनच्या वाट्याला तळाचे दोन कॉलम.

ते दोन कॉलम एका उपसंपादक बाईंकडे होते. डेस्कवर सगळे त्यांना ताई म्हणत. समोर एजन्सीची इंग्रजी कॉपी होती: साठहून अधिक लक्ष्यं, सना, होदेदा, हूथींच्या म्हणण्यानुसार पाच ठार. ताईंनी ती एकदा वाचली आणि पिंपळगावच्या एका निर्यातदाराला फोन लावला. “काका, माल निघाला का?” स्पीकरवरचा आवाज वैतागलेला होता. सुएझचं नाव काढू नका, बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाताहेत, रॉटरडॅमला पोचायला चौदा दिवस जास्त. भाडं किती वाढलं तेही ते सांगत होते; ताईंनी कागदावर फक्त ‘चौदा दिवस’ लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बातमी भराभर झाली. पहिला परिच्छेद चौदा दिवसांचा. दुसरा, थंड कंटेनरमध्ये इतके दिवस राहिल्यावर घडांचे देठ सुकतात त्याचा. तिसऱ्यात क्षेपणास्त्रं. पाच मृत सगळ्यात शेवटी.

“शेवटी का?”

“जागा कमी पडली की खालूनच कापतात ना.”

आणि जागा कमी पडलीच. द्राक्षावरच्या एका औषधाची जाहिरात आली, ऑपरेटरने खालच्या ओळी उडवल्या. त्यात पाच मृत गेले. त्यांच्याबरोबर आणखी एक वाक्य गेलं: गाझावरचे हल्ले थांबेपर्यंत इस्रायलशी संबंधित जहाजं सोडणार नाही, असं हूथी नोव्हेंबरपासून सांगत आले होते. म्हणजे दिंडोरीच्या बागायतदाराला उशीर कळणार होता, उशिराचं कारण नाही. गाझातल्या मृतांचा आकडा २३ हजारांच्या पुढे गेला होता. तो आत, देश-विदेशच्या पानावर. दोन पानांचा सांधा वाचकाने स्वतः जुळवायचा.

मला खटकलं ते वेगळंच. बांगलादेशाने द्राक्षांवर वाढवलेला आयात कर आणि ८ डिसेंबरपासूनची कांदा निर्यातबंदी, हे निर्णय ढाक्यात आणि दिल्लीत झाले होते. नाशिकच्या शेतकऱ्याला त्यांची झळ चौदा दिवसांपेक्षा कमी नव्हती. पण कांद्याचा त्या रात्री पहिल्या पानावर मागमूस नव्हता. (पाहुणे घरी येऊन गेलेले, अशा दिवशी कुठून असणार!) क्षेपणास्त्र डागणारा परका माणूस मथळ्यात बसवायला सोपा, त्याचा फोनही येत नाही.

तरी ताईंचा हिशेब मला पटतो. नुसतं ‘येमेनवर हवाई हल्ले’ छापलं असतं, तर निफाडात कोणी थांबून वाचलं असतं? मी स्वतः होदेदा नकाशावर शोधलं ते त्या द्राक्षांमुळेच.

ग्रामीण भागात जाणारी डाक आवृत्ती छपाईला गेल्यावर शहर आवृत्तीसाठी तेच दोन कॉलम पुन्हा उघडले. शहरात द्राक्षं पिकत नाहीत, पेट्रोल जळतं. त्यामुळे मथळा कच्च्या तेलाचा झाला. ब्रेंट त्या दिवशी ८० डॉलरच्या वर जाऊन आलं होतं. चौदा दिवस खाली सरकले. औषधाची जाहिरात फक्त ग्रामीण भागासाठी होती, म्हणून इथे जागा मोकळी मिळाली आणि ताईंनी हूथी, गाझा, सुएझ अशी सगळी साखळी सांगणारी चौकट टाकली. पाच मृतही परत आले. निफाड-दिंडोरीचे गठ्ठे तोवर गाडीत चढले होते.